युद्धनौकेच्या मॉडेलवर डेकचा रंग खरा का वाटत नाही : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

लक्षणे

डेकसाठी सांगितलेलाच रंग आणला, त्याचा क्रमांक पडताळला, हात बसेपर्यंत सराव केला, आणि तरीही जहाज पूर्ण झाल्यावर डेक खरा वाटत नाही, ही तक्रार चंद्रपूर, गडचिरोली आणि आसपासच्या तालुक्यांतील मॉडेलकारांकडून माझ्याकडे सातत्याने येते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे हे ओळखणे आवश्यक असते, कारण वरून एकच दिसणाऱ्या या तक्रारीमागे अगदी वेगवेगळी कारणे असतात.

लाकडी डेक पिवळा किंवा नारिंगी दिसतो. करड्या डेकवर हिरवट किंवा निळसर झाक येते आणि ती नेमकी कुठून आली हे कळत नाही. एकाच बाटलीतला रंग डेकच्या एका भागात निस्तेज, तर दुसऱ्या भागात चकचकीत बसतो. रात्री दिव्याखाली पसंत पडलेला रंग सकाळी अंगणात नेल्यावर परका वाटतो. वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अतिशय पातळ गडद रंग, दिल्यानंतर डेक एकदम गडद होतो आणि फळ्यांमधल्या रेषा प्रमाणाबाहेर उठून दिसतात. आणि शेवटचे लक्षण असे, की रंग स्वच्छ, एकसारखा, उत्तम बसलेला असतो, पण ज्या वर्षीचे जहाज आपण बनवले त्या वर्षी त्या डेकवर तो रंग नव्हताच. हे लक्षण मी सर्वांत गंभीर मानतो, कारण ब्रशच्या कौशल्याने ते दूर होत नाही.

पुढील तपासण्या फुकट होणाऱ्यांपासून सुरू होऊन खर्चिक आणि कठीण तपासण्यांकडे जातात. क्रम मोडू नये. नवी बाटली मागवणे ही बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते. कुरिअरने रंग येईपर्यंत आठवडा जातो, आणि दोष बाटलीत नसेल तर तो नव्या रंगातही तसाच राहतो.

उजेड, भिंत आणि मोबाइलचा पडदा

सर्वप्रथम मॉडेल घराबाहेर, छपरीत आणावे. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, थेट ऊन अंगावर येणार नाही पण आकाशाचा उजेड भरपूर मिळेल अशा जागी, मागे आणि खाली पांढरा ड्रॉइंगचा कागद ठेवून डेककडे पाहावे. दुपारच्या थेट उन्हात तपासणी करू नये, कारण त्या प्रखरतेत फिकट रंगांमधील फरक डोळ्याला जाणवत नाहीत.

पांढऱ्या कागदाचा आग्रह विनाकारण नाही. आपल्याकडे खोल्यांच्या भिंती फिकट निळ्या किंवा हिरव्या रंगवण्याची पद्धत आहे, आणि लहान खोलीत खिडकीतून आलेला उजेड आधी भिंतीवर पडून मग मॉडेलवर येतो. करडा रंग आपल्या शेजारच्या रंगाची छटा सर्वांत लवकर घेतो. डेकची हिरवट झाक बाहेर आणताच नाहीशी झाली, तर रंगात दोष नाही. काम करण्याच्या जागेमागे पांढरा पुठ्ठा उभा करणे एवढाच उपाय पुरेसा आहे.

दिव्याचेही तसेच आहे. पिवळसर उजेडाच्या, म्हणजे सुमारे २७०० ते ३००० केल्विनच्या दिव्याखाली निळसर करडा रंग मळकट दिसतो आणि तपकिरी रंग नको इतका खुलतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली नेमके उलट होते. एलईडी दिवा घेताना खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, छापलेला असेल तर तो ९० किंवा त्याहून अधिक असलेला घ्यावा. स्वस्त दिव्यांच्या प्रकाशात लाल आणि तपकिरी छटा नीट उमटत नाहीत, आणि लाकडी डेकचा सगळा जीव त्याच छटांत असतो.

रंग निवडताना संदर्भ म्हणून मोबाइलवरचे चित्र पाहिले असेल, तर डोळ्यांच्या आरामासाठी असलेली पिवळी छटा बंद आहे की नाही हे पाहावे. ती सुरू असताना निवडलेला डेकचा रंग गरजेपेक्षा निळा किंवा फिकट निघतो, कारण पडद्याचा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करण्याचा प्रयत्न आपण नकळत करत असतो.

जहाज कोणते, वर्ष कोणते, डेक कशाचा

ही तपासणीही फुकट आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो आणि बहुतेक जण ती गाळतात. डेकचा रंग जहाजाच्या नावावर ठरत नाही. तो देश, वर्ष आणि डेकचे साहित्य या तीन गोष्टींवर ठरतो, आणि एकाच जहाजावर दोन-तीन प्रकारचे पृष्ठभाग एकत्र असू शकतात.

अमेरिकी नौदलाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे, कारण सर्वाधिक चुका तिथेच होतात. १९४१ पूर्वी त्यांच्या मोठ्या युद्धनौकांचे सागवानी डेक उघडे, घासून स्वच्छ ठेवलेले असत. १९४१ पासून आकाशातून जहाज ओळखू येऊ नये म्हणून आडवे पृष्ठभाग रंगवले जाऊ लागले आणि २०-बी डेक ब्लू हा गडद निळा-करडा रंग लाकडावरही चढला. मेझर २१ या छद्मरंगाच्या योजनेत सर्व उभे पृष्ठभाग ५-एन नेव्ही ब्लू आणि आडवे पृष्ठभाग डेक ब्लू होते. मेझर २२ मध्ये वरचे उभे भाग फिकट हेझ ग्रे झाले, पण डेक मात्र निळाच राहिला. १९४५ मध्ये निळ्या रंगद्रव्याच्या टंचाईमुळे तटस्थ करड्या रंगांकडे वळण्यात आले. म्हणून १९४४ मधील आणि १९४५ च्या उत्तरार्धातील जहाज एकाच बाटलीतून रंगवणे सुरक्षित नाही.

मिसुरी ही अमेरिकी युद्धनौका आज पर्ल हार्बर येथे संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तिचा सागवानी डेक उघडा आहे. पर्यटकांनी काढलेली तिची सुंदर रंगीत छायाचित्रे सहज मिळतात आणि त्यांवरूनच १९४४ चे मॉडेल रंगवले जाते, पण त्या काळात तिचा डेक रंगाखाली झाकलेला होता. संग्रहालयातील जहाज त्याच्या आजच्या अवस्थेचा पुरावा देते, युद्धकाळाचा नव्हे. हा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी उद्भवणार नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

जपानी विनाशिका आणि क्रूझर यांच्या डेकचा मोठा भाग लालसर तपकिरी लिनोलियमने, म्हणजे जमिनीवर पसरायच्या एका जाड आच्छादनाने, झाकलेला असे आणि त्याच्या जोडांवर पितळी पट्ट्या असत. तिथे फळ्यांचा रंग देणे चूकच आहे. उलट यामातो या युद्धनौकेचा मुख्य डेक हिनोकी या जपानी लाकडाचा होता, जो सागवानापेक्षा मुळातच फिकट असतो. जपानी पोलादी भागांच्या करड्या रंगातही कुरे, सासेबो, योकोसुका आणि माइझुरू या नौदल गोद्यांप्रमाणे फरक होता, त्यामुळे जहाज कुठे बांधले आणि कुठे दुरुस्त झाले हे पाहावे लागते. युद्धाच्या अखेरीस काही विमानवाहू जहाजांच्या उड्डाण-डेकवर हिरव्या छटांची छद्मरचना रंगवलेली होती. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकी विमानातून टिपलेल्या झुइहो या विमानवाहू जहाजाच्या छायाचित्रात ती स्पष्ट दिसते. १९४१ मधील जपानी विमानवाहू जहाजासाठी केलेली रंगाची निवड १९४४ च्या जहाजाला लागू पडत नाही, ती यामुळे.

मे १९४१ मध्ये समोरासमोर आलेल्या ब्रिटिश हूड आणि जर्मन बिस्मार्क या दोन्ही नौकांचे सागवानी डेक न रंगवलेले होते. बिस्मार्कच्या डेकच्या दोन्ही टोकांवर ओळखीसाठी काढलेली स्वस्तिकचिन्हे मात्र त्या मोहिमेत रंगाने झाकली गेली, म्हणून ती ठेवायची की नाही हे आपण कोणता दिवस दाखवतो यावर अवलंबून आहे. आणि आपल्या १९७१ मधील आयएनएस विक्रांतवर कुणी लाकडी छटा वापरत असेल तर त्याने तिथेच थांबावे. तिचा उड्डाण-डेक पोलादी होता आणि तिथे गडद करडाच रंग हवा.

कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ठरवू नये. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नाही आणि निळा फार फिकट दिसतो. त्यामुळे तशा फिल्मवर लालसर लिनोलियम काळे भासते आणि निळा डेक पांढुरका भासतो. ओला डेकही कोरड्यापेक्षा बराच गडद दिसतो, हेही त्यासोबत लक्षात ठेवावे.

सागवानाचा खरा रंग आरामशीनवर मिळतो

लाकडी डेक नारिंगी होण्याचे मूळ कारण आपल्या घरांत आहे. आपण सागवान पाहतो ते दारांवर, पलंगांवर, देव्हाऱ्यांवर, आणि ते नेहमी तेल किंवा पॉलिश लावलेले असते. लाकूड म्हटले की तोच लालसर रंग डोळ्यांसमोर येतो आणि हात आपोआप तपकिरी बाटलीकडे जातो. जहाजाच्या डेकवर मात्र पॉलिश नसे. तो मिठाच्या पाण्यात आणि उन्हात राही, आणि खलाशी त्याला वाळू व वालुकाश्माच्या ठोकळ्यांनी घासून काढत.

आलापल्लीच्या जंगलातील सागवान आणि जहाजांवरचे सागवान ही एकच जात, टेक्टोना ग्रँडिस. त्यामुळे आपल्या भागातील मॉडेलकाराला जो संदर्भ हाताशी आहे तो मोठ्या शहरातल्या माणसाला विकत घेऊनही मिळत नाही. आरामशीनवरून पॉलिश न केलेल्या सागवानाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे आणावेत. एक घरात ठेवावा. दुसरा उन्हाळाभर आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत कौलांवर किंवा गच्चीवर पडू द्यावा. ताजा तुकडा सोनेरी तपकिरी राहतो, तर बाहेरचा रुपेरी करडा होतो. मग त्या करड्या तुकड्याचा अर्धा भाग ओल्या वाळूने आणि विटेच्या तुकड्याने घासून सावलीत वाळवावा. जो फिकट, वाळूकडे झुकणारा, पिवळ्यापेक्षा करडेपणा अधिक असलेला रंग निघतो, तो नियमित घासल्या जाणाऱ्या डेकचा रंग होय. न घासलेला अर्धा भाग म्हणजे दीर्घ मोहिमेवर राहिलेल्या, घासण्याला वेळ न मिळालेल्या डेकचा रंग.

हा तुकडा समोर असला की बाटल्यांमधला फरकही समजतो. तामिया या जपानी कंपनीचा एक्सएफ-५५ डेक टॅन करडेपणाकडे झुकतो आणि जुन्या, उन्हाने उडालेल्या डेकसाठी योग्य ठरतो. एक्सएफ-७८ वुडन डेक टॅन अधिक उष्ण छटेचा असून शांतताकाळातील निगा राखलेल्या डेकला शोभतो. लिनोलियमसाठी एक्सएफ-७९ वेगळा आहे. हे तिन्ही रंग एकमेकांना पर्याय म्हणून वापरू नयेत.

बाटली आणि चाचणीचा तुकडा

एकाच डेकवर निस्तेज आणि चकचकीत पट्टे आले असतील तर बाटली नीट ढवळली गेली नाही असे समजावे. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, रंगात चमक कमी करणारा जो घटक असतो तो रंगद्रव्यासह तळाशी बसतो. वरचा भाग वापरला तर रंग चकचकीत आणि गडद येतो, तर बाटलीच्या शेवटी उरलेला रंग खडूसारखा पांढुरका बसतो. बाटली नुसती हलवून हा गाळ सुटत नाही. सपाट टोकाच्या काडीने तळ खरवडून दोन-तीन मिनिटे ढवळावे लागते.

त्यानंतर, डेकला हात लावण्यापूर्वी, मॉडेलचे भाग ज्या प्लास्टिकच्या सांगाड्याला जोडून येतात त्याच्या उरलेल्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. प्राइमर (रंग धरण्यासाठीचा पहिला थर), रंग, वॉश आणि शेवटचे मॅट व्हार्निश हे सर्व थर त्याच क्रमाने देऊन तुकडा रात्रभर वाळू द्यावा आणि सकाळी छपरीत पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक असतो, आणि व्हार्निश तो फरक पुन्हा बदलते: चमकदार व्हार्निशखाली रंग खोल आणि गडद होतो, मॅटखाली उजळतो. झाकणावरच्या ठिपक्यावरून अंतिम रंग सांगता येत नाही, याचे कारण हेच.

प्राइमर काळा असेल तर त्यावर डेक टॅनचे पातळ थर मळकट, हिरवट दिसतात. लाकडी डेकसाठी फिकट करडा किंवा पांढरा प्राइमर घ्यावा. गडद निळ्या डेकसाठी मध्यम करडा पुरेसा असतो.

वॉश आणि प्रमाण

डेकची फळी १५ सेंटिमीटर रुंद धरली तर १:३५० प्रमाणात ती सुमारे ०.४३ मिलिमीटर आणि १:७०० मध्ये ०.२१ मिलिमीटर होते. दोन फळ्यांमधली डांबराची फट प्रत्यक्षात ६ मिलिमीटर असली तर १:३५० मध्ये ती ०.०२ मिलिमीटरही भरत नाही. कारखान्यात कोरलेल्या रेषा त्याहून कितीतरी रुंद असतात. त्यांत काळा वॉश भरला की डेकवर चौकटी उमटतात आणि दोष रंगाचा वाटतो. वॉश काळा न घेता डेकच्याच रंगापेक्षा दोन पायऱ्या गडद असा करडा-तपकिरी घ्यावा, आणि तो सर्वत्र न फासता जिथे पाणी साचते त्या कडांना व तोफांच्या तळाशी द्यावा.

मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. १:७०० मध्ये ते खऱ्या जहाजाकडे २१० मीटरवरून पाहण्यासारखे आहे, आणि तेवढ्या अंतरावरून हवेमुळे गडद रंग थोडे उजळ व फिके दिसतात. म्हणून गडद डेकच्या रंगात थोडा फिकट करडा मिसळण्याची प्रथा आहे, आणि मला ती १:७०० साठी योग्य वाटते. १:२०० च्या मोठ्या मॉडेलला मी ती लावत नाही. पांढरा रंग मात्र थेट मिसळू नये, त्याने निळा डेक दुधाळ होतो.

नवतपा, कूलर आणि एअरब्रश

इथपर्यंत सर्व बरोबर असूनही डेक खरखरीत आणि पांढुरका दिसत असेल तर हवामान तपासावे. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनातून, निघालेला अॅक्रिलिक रंग मॉडेलवर पोहोचण्यापूर्वीच हवेत वाळतो. पृष्ठभागावर पडते ती भुकटी, आणि भुकटीचा रंग मूळ रंगापेक्षा फिकट दिसतो. नवतप्यात फवारणी पहाटे करावी, रंग दुधाइतका पातळ ठेवावा, वाळण्याचा वेग कमी करणारे रिटार्डर काही थेंब घालावे आणि एअरब्रश जवळ धरावा.

त्याच खोलीत कूलर चालू असेल तर उलटा त्रास होतो. कूलर दमट हवा आणि वाळ्याची धूळ दोन्ही सोडतो, आणि लॅकर प्रकारच्या, म्हणजे तीव्र द्रावकाच्या, रंगांवर दमटपणामुळे पांढरी साय येते. हाच दोष जुलै-ऑगस्टमध्ये कूलरशिवायही दिसतो. फवारणीपूर्वी अर्धा तास कूलर बंद ठेवावा, आणि पाऊस लागलेला असेल त्या दिवशी लॅकर किंवा व्हार्निश फवारूच नये.

स्वतः रंग मिसळणे

तयार बाटली मिळत नसेल तर मिश्रणाकडे वळावे, त्यापूर्वी नव्हे. डेक ब्लूसाठी अल्ट्रामरीन निळा, काळा आणि फिकट करडा घ्यावा. प्रशियन निळा घेऊ नये, कारण तो हिरव्याकडे झुकतो, तर अमेरिकी नौदलाचा रंग पांढऱ्या पायाच्या रंगात जांभळट निळे रंगद्रव्य मिसळून तयार होत असे. हे मिश्रण जहाजावरही केले जाई, त्यामुळे खऱ्या डेकच्या छटांतही थोडा फरक असे. तेव्हा अगदी बारीक फरकासाठी अडून बसण्याची गरज नाही. संपूर्ण डेकला पुरेल एवढा रंग एकदाच तयार करावा, थेंबांचे प्रमाण वहीत लिहावे आणि उरलेला रंग काचेच्या कुपीत ठेवावा. दुसऱ्यांदा तीच छटा जुळत नाही.

रंग काढण्याची वेळ आली तर

ही सर्वांत अवघड पायरी असल्याने शेवटी ठेवली आहे. अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो, पण आधी तळाच्या न दिसणाऱ्या भागावर तपासावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एनसी थिनर वापरू नये; ते पॉलिस्टायरीन विरघळवते आणि कोरलेल्या फळ्या कायमच्या पुसल्या जातात. डेकवर धातूचे बारीक कठडे आणि दोरखंड बसवलेले असतील तर रंग काढण्याऐवजी करड्या-फिकट रंगाचे अतिशय पातळ थर देऊन छटा वळवावी.

कुठे थांबून जाणकाराकडे जावे

निळा-करडा आणि हिरवा-करडा यांतला फरक इतरांना दिसतो पण आपल्याला दिसत नाही, असे वारंवार घडत असेल तर नवे रंग घेणे थांबवून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लाल-हिरव्या रंगांधतेचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा खूप जास्त असते आणि अनेकांना ती वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नसते. वयस्क मॉडेलकारांना पूर्वी नीट दिसणारा निळा रंग आता मळकट वाटू लागला असेल तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी, कारण डोळ्यातील भिंग पिवळे पडले की निळ्या छटा प्रथम हरवतात.

लॅकर फवारताना डोके दुखले, चक्कर आली किंवा छाती भरली तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत यावे, आणि त्रास टिकला तर डॉक्टरांकडे जावे. बंद खोलीत, साध्या कापडी रुमालावर विसंबून लॅकर फवारणे धोक्याचे आहे.

जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरपासून बनवलेला एअरब्रशचा संच झटका देत असेल, किंवा त्याच्या टाकीला गंज चढला असेल, तर तो उघडू नये. अर्थिंग तपासायला वायरमन आणि टाकीसाठी कॉम्प्रेसरचा मेकॅनिक बोलवावा. दाब धरलेली गंजकी टाकी फुटू शकते.

विशिष्ट छटा कशीच जुळत नसेल तर वाहनांचे रंग यंत्रावर मिसळून देणाऱ्या दुकानात आपला पसंतीचा तुकडा नेऊन जुळवून घेता येतो. तो रंग तीव्र द्रावकाचा असतो, म्हणून प्राइमर पूर्ण वाळल्यावरच अतिशय पातळ थरांत द्यावा.

आणि मॉडेल एखाद्या शाळेचे, संस्थेचे किंवा माजी नौसैनिकाच्या कुटुंबाचे जुने स्मरणचिन्ह असेल, तर रंग कितीही चुकीचा दिसला तरी त्याला अल्कोहोल, सँडपेपर किंवा ब्रश लावू नये. छपरीच्या उजेडात त्याची छायाचित्रे काढावीत, मालकाला लेखी कळवावे, आणि ते काम संग्रहालयीन वस्तूंच्या जतनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे सोपवावे.